बांधकाम सामग्री : पुरवठा व वाहतूक

घरे, रस्ते, पूल, धरणे इ. बांधकामांना लागणारी दगड, खडी, मुरूम, वाळू, विटा, सिमेंट, पोलाद, लाकूड यांसारखी सामग्री तिच्या उगमस्थानापासून प्रत्यक्ष कामाच्या जागेपर्यंत योग्य वेळी, योग्य प्रमाणात व वापरण्याजोग्या स्थितीत पोहोचविण्याच्या व्यवस्थेस बांधकाम सामग्रीचा पुरवठा असे म्हणतात. खरेदी, मोजमाप, वाहतूक, चढ-उतार, साठवण व कामावरील वाटप ही या व्यवस्थेची अंगे होत. कारखानदारीत कच्चा माल एका ठरलेल्या ठिकाणी येतो व पक्का माल तेथून बाहेर पडतो. बांधकामात याच्या उलट घडते. ‘कारखाना’ म्हणजे बांधकामाची जागा दर वेळी बदलते, ती काही महिन्यांपुरती किंवा वर्षांपुरती असते आणि तेथे तयार झालेली वस्तू हलविता येत नाही. त्यामुळे येथे पुरवठ्याची व्यवस्था प्रत्येक कामासाठी नव्याने उभारावी लागते.

या सामग्रीचा बहुतेक भाग वजनाने जड व किंमतीने हलका असतो. सोन्याची वाहतूक कोठूनही कोठेही केली, तरी त्याच्या भावात फारसा फरक पडत नाही. खडीचे तसे नाही. खाणीवर अल्प किंमतीत मिळणारी खडी काही अंतर वाहून नेली, की तिच्या मूळ किंमतीइतकेच भाडे होते व पुढे ते किंमतीहूनही वाढत जाते. म्हणून खडी, मुरूम व वाळू यांची बाजारपेठ स्थानिक असते. सिमेंटची प्रादेशिक असते. तर सळई त्याहून लांबचा प्रवास सोसू शकते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीमध्ये सामग्रीच्या दराबरोबर ‘लीड’ (आडवे वहनांतर) व ‘लिफ्ट’ (उभी चढण) यांचे स्वतंत्र दर दिलेले असतात, ते याच कारणाने. अंदाजपत्रकाला जोडलेल्या लीड-तक्त्यात प्रत्येक वस्तू कोणत्या खाणीतून वा नदीपात्रातून येणार व ते ठिकाण किती किमी. दूर आहे, हे नोंदविलेले असते. अंदाजपत्रकातील हा तक्ता बहुधा सर्वांत कमी वाचला जातो. परंतु काम पुढे ठरलेल्या खर्चात होणार की नाही, याचा निर्णय पुष्कळदा त्यातच झालेला असतो.

मराठवाड्यातील जुनी पद्धती : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मराठवाड्यातील खेड्यांत घराची सामग्री बैलगाडीच्या टप्प्यातून येत असे. दख्खनच्या पठारावरील काळा बसाल्ट दगड शिवारातच मिळे. वडार, बेलदार हे व्यावसायिक समाज तो फोडून, घडवून देत. भिंती चिखलात रचीत. माळवदावर पांढऱ्या मातीचा थर देत. तुळया व खांब सागाचे असत आणि साग किनवटकडील जंगलांतून येई. जमिनीसाठी शहाबादी फरशी मात्र दुरून आणावी लागे. हैदराबाद संस्थानाच्या काळात शहाबाद व मराठवाडा एकाच राज्यात असल्याने या फरशीचा प्रसार सोपा झाला. या पद्धतीत पुरवठा तुटण्याचा प्रश्न फारसा उद्‌भवत नसे. तथापि जवळ मिळणाऱ्या सामग्रीचे घर सुरक्षित असतेच असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या भूकंपात सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडी भिंती, त्यांना बांधून ठेवणाऱ्या चुन्याचा वा सिमेंटचा अभाव आणि वर मातीच्या माळवदाचा भार ही मोठ्या प्राणहानीची प्रमुख कारणे होती. त्यानंतर ५२ गावांचे अन्यत्र पुनर्वसन करण्यात आले आणि एक लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीचा व बळकटीकरणाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. इतक्या मोठ्या कार्यक्रमामुळे सिमेंट, सळई व वाळू यांची प्रचंड मागणी एकाच प्रदेशात एकाच वेळी निर्माण झाली. मराठवाड्यातील सामान्य घर दगड-मातीकडून सिमेंट व लोखंडाकडे वळण्याची प्रक्रिया त्यापूर्वीच सुरू झाली होती; भूकंपानंतर ती वेगाने पूर्ण झाली. घर अधिक सुरक्षित होऊ शकले, पण ते आता दूरच्या कारखान्यांवर व नदीपात्रांवर अवलंबून राहिले.

एका गावापर्यंतची वाट : हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा या मोठ्या गावाचे उदाहरण घेतल्यास हे अवलंबन स्पष्ट होते. अशा गावी घर बांधावयाचे, तर सिमेंट मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर-आवारपूर या चुनखडीच्या पट्ट्यातून किंवा तेलंगणातून येते. सळईसाठी जवळचे मोठे केंद्र जालना होय. तेथे भंगारापासून पोलाद वितळविणाऱ्या भट्ट्या व सळया लाटणाऱ्या गिरण्या आहेत. वाळूचे परंपरागत उगम म्हणजे पूर्णा व गोदावरी या नद्यांची पात्रे. खडी जवळपासच्या बसाल्टच्या खाणींतील दगडभरड यंत्रांवर (क्रशरवर) तयार होते. वीट स्थानिक भट्ट्यांत भाजली जाते. मात्र निव्वळ काळी माती भाजताना तडकत असल्याने तीत गाळाची माती, राख व भुसा मिसळावा लागतो.

सिमेंटचा प्रवास टप्प्याटप्प्याने लहान होत जातो. मालगाडीच्या एका पूर्ण रेकमध्ये अडीच हजार टनांहून अधिक, म्हणजे पन्नास हजारांवर पोती मावतात. ती मालधक्क्यावर ठरावीक तासांत उतरवून घ्यावी लागतात. विलंब झाल्यास दंड पडतो. तेथून ट्रकने घाऊक विक्रेत्याच्या गुदामात, तेथून किरकोळ दुकानात, दुकानातून ट्रॅक्टर-ट्रॉलीने गावात व शेवटी डोक्यावरून घरापर्यंत माल जातो. प्रत्येक टप्प्यावर पोते उचलले व टाकले जाते, फाटते, सांडते आणि हमाली वाढते. पूर्वी यात आणखी एका टप्प्याची भर होती. मनमाड-काचीगुडा व पूर्णा-अकोला हे लोहमार्ग मीटरमापी असल्याने रुंदमापी मार्गावरून आलेला माल बदलाच्या स्थानकावर एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. मनमाडकडील मार्गाचे रुंदीकरण १९९०–२००० या दशकात व पूर्णा-अकोला मार्गाचे त्यानंतरच्या दशकात झाले. मराठवाड्याच्या औद्योगिक मागासलेपणाची चर्चा करताना मापबदलाच्या या हमालीचा उल्लेख क्वचितच होतो.

कारखाना ते मालधक्का हे अंतर शेकडो किमी.चे असले, तरी दर किमी.मागे खर्च सर्वाधिक पडतो तो शेवटच्या दहा-पंधरा किमी.त. येथे वाहन लहान, रस्ता अरुंद आणि परतीचे भाडे मिळण्याची शक्यता कमी असते. मोठ्या ट्रकला परतीच्या वाटेवर हळद, सोयाबीन यांसारखा माल मिळू शकतो; खडी टाकून परतणारा टिप्पर मात्र रिकामाच जातो व त्या रिकाम्या फेरीची किंमतही घर बांधणाराच देतो. त्यातच काळ्या मातीचे रस्ते पावसाळ्यात फुगून वाहतुकीस निरुपयोगी होतात. पाऊस संपून बांधकामाचा हंगाम सुरू होतो, तेव्हाच ऊसतोडही सुरू होते. वसमत तालुक्यात पूर्णा व टोकाई हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या अशा पट्ट्यात हिवाळ्यात पुष्कळसे ट्रॅक्टर ऊसवाहतुकीस जुंपले जातात. बांधकामाला ट्रॉली मिळत नाही किंवा चढ्या भाड्याने मिळते. पुरवठ्याचा आराखडा करणाऱ्याला येथे बाजारभावाइतकेच पीकपाण्याचे वेळापत्रकही माहीत असावे लागते.

वेळेचे गणित : ३० चौ. मी. क्षेत्रफळाच्या व १२.५ सेंमी. जाडीच्या एका लहान स्लॅबला ३.७५ घ. मी. काँक्रीट लागते. १ : १.५ : ३ या प्रमाणात ते तयार करावयाचे, तर सु. ३० पोती (१.५ टन) सिमेंट, १.६ घ. मी. (सु. २.५ टन) वाळू, ३.१५ घ. मी. (सु. ५ टन) खडी, सु. ३०० किग्रॅ. सळई आणि मिश्रणापुरते आठशे लिटरांवर पाणी लागते. एकूण कोरड्या सामग्रीचा सु. चार-पंचमांश भार वाळू व खडी यांचा असतो. किंमतीत मात्र सिमेंट व सळई यांचा वाटा मोठा असल्याने मालकाचे लक्ष त्यांच्याकडे असते, तर काम अडते ते बहुधा वाळूवाचून.

स्लॅब एका दिवसात, खंड न पाडता ओतावा लागतो. सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यानंतर ते घट्ट होऊ लागण्याचा काळ भारतीय मानकानुसार किमान ३० मिनिटे असतो. मिश्रण अर्धवट टाकून थांबल्यास जुन्या व नव्या काँक्रीटमध्ये दुर्बल सांधा राहतो व पुढे त्यातून पाणी झिरपते. त्यामुळे अर्धा ब्रास वाळू कमी पडली, तर तुटवडा अर्ध्या ब्रासचा नसतो. मिक्सर, सेंट्रिंगचे भाडे, गवंडी व मजूर यांचा सर्व दिवस वाया जातो. शहरांत या अडचणीवर तयार काँक्रीटचा उपाय निघाला. पुणे-मुंबई भागात १९९० नंतर त्याचा प्रसार झाला. परंतु असे काँक्रीट मिश्रणवाहक गाडीत भरल्यापासून साधारणतः दोन तासांच्या आत ओतावे लागते. यामुळे त्याची पोहोच शहराभोवतालच्या मर्यादित वर्तुळापुरतीच राहते. [→ काँक्रीट].

साठा किती ठेवावा, या प्रश्नाचे एक प्रसिद्ध गणिती उत्तर फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले. मागणीचा खर्च व साठवणीचा खर्च यांची बेरीज ज्या प्रमाणाला किमान होते, तेवढाच माल एका वेळी मागवावा, असे त्याचे सार आहे. हे सूत्र मागणी वर्षभर सारखी असल्याचे गृहीत धरते. बांधकामात ती पायापासून गिलाव्यापर्यंत दर टप्प्यावर बदलते, म्हणून सूत्र जसेच्या तसे वापरणे योग्य नव्हे. कामाच्या वेळापत्रकावरून उलटे मोजत जाणे, म्हणजे स्लॅबची तारीख ठरवून सळई किती दिवस आधी कापावयास हवी, खडी किती दिवस आधी पडावयास हवी असे ठरविणे, हीच रीत मोठ्या व लहान दोन्ही कामांवर उपयोगी पडते. जपानी मोटार उद्योगातून आलेली ‘ऐन वेळी पुरवठा’ ही कल्पना रस्ता, वाहन व परवाना यांची खात्री असेल तेथेच लागू पडते.

मोजमाप : महाराष्ट्रात वाळू व खडी ‘ब्रास’ या मापाने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घ. फूट (२.८३ घ. मी.). कोरड्या वाळूच्या एका ब्रासचे वजन सु. साडेचार टन भरते. हे घनफळाचे माप सोयीचे असले, तरी वाळूच्या बाबतीत फसवे आहे. वाळू किंचित ओली असताना प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. पृष्ठताणामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात व ढीग फुगतो. वजनाच्या सु. ५ टक्के ओलाव्याला वाळूचे घनफळ २० ते ३० टक्क्यांनी वाढते. बारीक वाळूत ही वाढ आणखी अधिक असते. पाणी वाढवीत नेल्यास पापुद्रे मोडतात व पूर्ण भिजलेल्या वाळूचे घनफळ पुन्हा कोरड्या वाळूइतके होते. याचा अर्थ, ओलसर वाळूचे चार ब्रास घेणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात तीन-सव्वातीन ब्रासच वाळू पडते. शिवाय घमेल्याने मोजून मिश्रण केल्यास त्यात वाळू कमी पडून सिमेंटचे प्रमाण विनाकारण वाढते.

याची परीक्षा कोणालाही घरी करता येते. उभ्या काचेच्या भांड्यात २० सेंमी. उंचीपर्यंत ओलसर वाळू सैलसर भरावी, मग ती काढून घेऊन भांड्यात निम्मे पाणी घ्यावे व तीच वाळू त्यात टाकून सळईने ढवळून बसू द्यावी. पातळी १६ सेंमी.वर आली, तर फुगवटा २५ टक्के होय. वजनाने खरेदी करणे हाही यावर पूर्ण उपाय नव्हे, कारण मग पाण्याचे वजन वाळूच्या भावाने पडते; तथापि ५ टक्के ओलाव्याला होणारे नुकसान ५ टक्क्यांच्या आसपासच राहते. हा साधा हिशेब असूनही ब्रासचे माप टिकून आहे, यात सवयीइतकाच विक्रेत्याच्या सोयीचाही भाग आहे.

साठवण : सिमेंट हवेतील बाष्प शोषून हळूहळू निष्प्रभ होते. साध्या गुदामात तीन महिने ठेवलेल्या सिमेंटचे बल सु. एक-पंचमांशाने घटते, असे ढोबळमानाने मानतात. पावसाळी हवेत ही घट आणखी लवकर होते. म्हणून पोती फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच व भिंतीपासून हातभर दूर, दहाहून अधिक थर न चढविता रचावीत. आधी आलेले पोते आधी वापरावे. पोत्यावर ते भरल्याचा आठवडा व वर्ष छापलेले असते. ते पाहून घेणे हे दुकानदाराच्या शब्दापेक्षा भरवशाचे होय. नदीकाठच्या गावांत साठवणीची उंची ठरविताना पुराचाही विचार करावा लागतो. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले होते. भिजलेले सिमेंट वाळवून पुन्हा वापरता येत नाही. खडी व वाळू यांचे ढीग काळ्या मातीवर थेट न टाकता मुरूम पसरून त्यावर टाकावेत, अन्यथा तळाचा थर मातीमुळे वाया जातो. [→ सिमेंट].

शासकीय नियंत्रण : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेले सिमेंटचे नियंत्रण स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिले. किंमत शासन ठरवी, वाटप परवान्याने होई, आणि रेल्वेभाडे समान वाटून घेण्याच्या पद्धतीमुळे कारखान्यापासून दूर असलेल्या रेल्वेस्थानकावरही सिमेंट एकाच भावाने मिळावे, अशी योजना होती. कागदावर हा दूरच्या प्रदेशांचा लाभ होता. प्रत्यक्षात माल अपुरा असल्याने भाव समान, पण सिमेंट दुर्मिळ अशी स्थिती झाली. परवाना हीच एक विक्रीयोग्य वस्तू बनली. महाराष्ट्रात सिमेंटवाटपाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस सिमेंट अंशतः व मार्च १९८९ मध्ये पूर्णतः नियंत्रणमुक्त झाले. उत्पादन वाढून टंचाई संपली. मात्र यापुढे अंतराचा भार पुन्हा ग्राहकावर आला.

मोठी कामे : मोठ्या प्रकल्पांत सामग्री कामाजवळच शोधण्याकडे कल असतो. कोयना धरण (१९६४) दगडगोट्यांच्या काँक्रीटचे आहे. जागेवर मिळणारे मोठे दगड त्यात बसविल्याने बाहेरून आणावयाच्या सिमेंटची बचत झाली. जायकवाडी धरण (१९७६) सु. १० किमी. लांबीचे असून त्याचा बहुतांश भाग मातीचा आहे. एवढ्या लांबीला माती दुरून आणणे अशक्यच होते. आजूबाजूला योग्य माती मिळणे हीच अशा रचनेची पूर्वअट होय. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचे (७०१ किमी.; डिसेंबर २०२२ ते जून २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने खुला) काम अनेक भागांत वाटले होते व भरावासाठी मुरूम लागलीच मिळणे हा त्यातील कळीचा भाग होता. बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांसाठी लागणारी माती व मुरूम तलाव, नाले खोल करून घेण्याची रीत पडली व ती ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते. कंत्राटदाराला जवळ माल व गावाला पाणीसाठा असा तिचा दुहेरी लाभ आहे. परंतु मोठ्या कामांचे जड डंपर ज्या गावरस्त्यांवरून जातात, ते हलक्या वाहतुकीसाठी बांधलेले असतात. २०१८ मध्ये मालवाहनांच्या आसभाराची मर्यादा वाढविण्यात आली. गावरस्त्यांची जाडी मात्र तेवढीच राहिली.

वाळूचा प्रश्न : पुरवठ्याच्या या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा वाळू हा होय. नदी दरवर्षी जेवढी वाळू वाहून आणते, त्याहून जास्त काढली गेल्यास पात्र खोल जाते, काठच्या विहिरींची पातळी घटते व पुलांचे पाये उघडे पडतात. वरच्या बाजूस धरणे झाल्यावर वाळूचे नवे आगमनही कमी होते. पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर आणि गोदावरीवर जायकवाडी या धरणांच्या खालच्या भागात हे विशेष लागू पडते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये लहान क्षेत्रांतील गौण खनिजांच्या उत्खननासही पर्यावरणविषयक पूर्वमान्यता आवश्यक ठरविली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार अवैध उत्खननास बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो. निर्बंध आवश्यकच होते; पण पर्यायी पुरवठा उभा न करता ते आल्याने लिलाव रखडले की वैध वाळू बाजारातून नाहीशी होते व रात्रीची वाळू तिची जागा घेते. याची झळ सर्वाधिक बसते ती घरकुल योजनेतील लाभार्थ्याला. त्याचे अनुदान ठरलेले असून ते कामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी मिळते. जोत्यावर काम थांबले, की पुढचा हप्ताही थांबतो.

एप्रिल २०२३ मध्ये राज्य शासनाने शासकीय डेपोंतून ब्रासला ६०० रुपये दराने वाळू देण्याचे धोरण स्वीकारले. वाहतुकीचा खर्च ग्राहकाकडेच असल्याने डेपोपासून दूरच्या गावांत या स्वस्ताईचा बराचसा भाग भाड्यात गेला. एप्रिल २०२५ मधील धोरणाने डेपोपद्धती मोडीत काढून पुन्हा लिलावाचा मार्ग घेतला व घरकुलांसाठी पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद केली. पाठोपाठ मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूविषयीचे धोरण मंजूर होऊन तिच्यावरील स्वामित्वधन ब्रासला ६०० रुपयांवरून २०० रुपयांवर आणण्यात आले.

कृत्रिम वाळू बसाल्ट भरडून तयार करतात. मराठवाड्यात हा दगड सर्वत्र असल्याने वहनांतर कमी होते, हा तिचा मोठा गुण होय. ‘भारतीय मानक ३८३’ च्या २०१६ मधील आवृत्तीत अशा वाळूला स्पष्ट स्थान मिळाले असून ७५ मायक्रॉनहून बारीक भुकटी तीत १५ टक्क्यांपर्यंत चालते. नैसर्गिक वाळूत ही मर्यादा ३ टक्के आहे. क्रशरवर खडीबरोबर आपोआप पडणारी चुरी आणि मुद्दाम आकार देऊन, चाळून वा धुऊन केलेली वाळू या दोन भिन्न वस्तू आहेत. जबड्याच्या यंत्रातील चुरीचे कण चपटे व टोकदार असतात. ते सुकर मिसळावेत म्हणून गवंडी पाणी वाढवितो व काँक्रीटचे बल घटते. उभ्या अक्षाच्या आघाती यंत्रातून काढलेल्या वाळूचे कण घनाकृती असतात. ग्रामीण बाजारात दोन्ही वस्तू ‘क्रशसँड’ या एकाच नावाने विकल्या जाताना आढळतात. त्या ओळखण्यासाठी मूठभर वाळू पेलाभर पाण्यात ढवळून काही वेळ स्थिर ठेवावी. वर साचणाऱ्या भुकटीच्या थराची जाडी व बोटांना जाणवणारा कणांचा चपटेपणा यांवरून फरक कळतो. तयार वाळू धुण्यास मात्र भरपूर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असणाऱ्या तालुक्यांत ते कोठून घ्यावयाचे, हे प्रत्येक नव्या यंत्राची जागा ठरवितानाच पाहावे लागते.